दुसऱ्यांदा आठवी

टुकुमकारी, न्यू मेक्सिको
१४ ऑगस्ट १९७७

व्हर्नन,

पोहोचले. खोली मिळाली, शाळा मिळाली, मुलांना वादविवाद शिकवायचं कामही मिळालं. गाव सोडायच्या घाईत जे तुला तोंडावर बोलायचं राहिलं, ते आता लिहिते.

मे महिन्यातल्या त्या संध्याकाळी तुम्ही तिघे माझ्या स्वयंपाकघरात बसलात. तू, फुटबॉलचा कोच स्कॉगिन्स आणि मुख्याध्यापक टिलमन. माझा पिकनचा केक खाल्लात, कॉफी दोनदा मागितलीत. मग तू, माझा सख्खा भाऊ, मांडीवरचे तुकडे झटकत म्हणालास, “ऑर्ली, एकच विषय. कोयला तुझ्या गणितात नापास कर.”

मला वाटलं, पोराने काही आगळीक केली. कोय तर आठवीत पहिला! तेव्हा स्कॉगिन्स हसला. “बाई, पोरगा हुशार आहे, तीच तर पंचाईत आहे. असा धडाधड पास होत गेला तर बारावीत माझ्या हाती काडीपैलवान येईल. चेंडू फेकायला खांदे लागतात. आठवीत आणखी एक वर्ष मुरू दे.”

मुरू दे! जणू माझा भाचा बरणीतली काकडी आहे.

दर वर्षी तू जिल्ह्याच्या जत्रेत गोऱ्हे घेऊन जातोस. तिथे पंच जनावराचा ओठ वर करून दात बघतात. वय चोरून मोठा गोऱ्हा लहानांच्या गटात उभा केला, तर मालकाला हाकलून देतात. बक लिंडसीला तूच भर मैदानात चोर म्हणाला होतास, मी शेजारी उभी होते. गोऱ्ह्याच्या बाबतीत जी चोरी, ती पोराच्या बाबतीत दूरदृष्टी कशी झाली? का पोरांचे दात कुणी बघत नाही म्हणून?

मी नाही म्हटलं. तुम्ही टोप्या उचलल्या आणि सरळ शेजारच्या दारावर गेलात. वाचन शिकवणाऱ्या लर्लीन पोगने त्याला नापास केलं. वाचनात! ज्या पोराने माझ्या ओसरीवर उभं राहून पानंच्या पानं खणखणीत म्हणून दाखवली, त्याला! मी तिला चार ओळी लिहिल्या आहेत. त्या ती कुणाला दाखवणार नाही.

मला राग आलेला नाही, व्हर्नन. राग माणसांचा येतो. मला किळस आली आहे.

ऑर्लीना


हॅसलर वेल्स, टेक्सास
३ सप्टेंबर १९७७

ऑर्ली,

तुझं प्रवचन मिळालं. जेवणाआधी वाचलं, ही माझी चूक. आपले वडील गेले आणि गावात प्रवचन देणारं कुणी उरलं नाही असं मला वाटलं होतं. तू आहेस, हे विसरलो.

गोऱ्ह्याला जत्रेनंतर कापतात. माझ्या पोराला जत्रेनंतर कॉलेज मिळणार आहे. एवढा फरक तुझ्यासारख्या शिकलेल्या बाईला कळू नये?

सोळाव्या वर्षी मी केवढा होतो ते आठव. चिंधी. तीन वर्षं बाकावर बसून दुसऱ्यांच्या घामाचे टॉवेल सांभाळले. आज तेलाच्या विहिरीवर लोखंडी पाइप ओढतो आणि घरी येऊन पाठीला मलम लावतो. मला एक वर्ष जास्त मिळालं असतं तर मीही कुणीतरी झालो असतो. ते माझ्या बापाला सुचलं नाही. मला सुचलं.

आणि कोण करत नाही? बँकेतल्या हेन्शॉने केलं, पाद्र्याने केलं. सगळ्या गावाला चालतं आणि एका माझ्या बहिणीला ओकारी येते. आत्ताच कोयच्या बाह्या आखूड होऊ लागल्यात.

धाकटा जेस विचारतो, आत्या कुठे गेली? मी सांगितलं, मेक्सिकोत जाऊन दरोडेखोराशी लग्न केलं. त्याला पटलं.

व्हर्नन


हॅसलर वेल्स
२१ ऑक्टोबर १९७९

प्रिय आत्या,

दहावीतच मला पहिल्या संघाचा क्वार्टरबॅक केलंय. म्हणजे आता प्रत्येक डावाला चेंडू माझ्या हातात येतो आणि तो कुणाकडे फेकायचा ते मी ठरवतो. हे तुला कुणी सांगितलं नसेल म्हणून सांगतो.

दुसरी गोष्टही कुणी सांगितली नसणार. पोग बाईंनी मला नापास केलं नाही. मी झालो.

बाबा म्हणाले होते, थोडं चुकव. थोडं म्हणजे किती ते मला कळेना. वाचनाचा पेपर ‘खरं की खोटं’ असा होता. मी सगळीच्या सगळी उत्तरं चुकीची लिहिली. पोग बाईंनी मला वर्गात थांबवून घेतलं आणि पेपर पुढे ठेवला. म्हणाल्या, “कोय, ज्याला ओ की ठो कळत नाही, त्याचीसुद्धा निम्मी उत्तरं डोळे मिटून बरोबर येतात. भोपळा मिळवायला सगळं यावं लागतं, बाळा.” मग त्या रडल्या. मग डोळे पुसून त्यांनी भोपळा लिहिला.

त्यानंतर शाळेला हे खरं दाखवावं लागलं, म्हणून मला सावकाश वाचणाऱ्यांच्या खोलीत बसवलं. अजून रोज एक तास तिथेच असतो. तिथे मी हात वर करत नाही. आधी मुद्दाम करत नव्हतो. आता आपोआप होत नाही.

पण मैदानावर, आत्या! पकडणारा वळायच्या आधी मला दिसतं तो कुठे वळणार. चेंडू तिथे आधीच पोहोचलेला असतो. पकडणारा बहुतेक वेळा रूडी अरिएटा असतो. मी एक वर्ष मागे राहिलो नसतो तर या वर्गाचा क्वार्टरबॅक तोच होता. तो कधी बोलला नाही. एकदाच म्हणाला, “दाढी करून येत जा रे, आमची लाज काढतोस.”

मागच्या शुक्रवारी समोरचा एक पोरगा माझ्यावर येऊन आदळला आणि स्वतःच उताणा पडला. त्याला मिसरूडही फुटलं नव्हतं. सगळं मैदान ओरडलं. मला बरं वाटलं. हे तुला सांगायला नको होतं.

कोय


टुकुमकारी
२ नोव्हेंबर १९७९

प्रिय कोय,

सांगितलंस ते उत्तम केलंस. बरं वाटलं हेही लिहिलंस, म्हणजे अजून आत कुणीतरी जागा आहे.

लर्लीनला दुसरं पत्र टाकलं. पहिल्यातल्या निम्म्या शिव्या मागे घेतल्या. निम्म्या ठेवल्या, रडत रडत भोपळा लिहिला तरी तो भोपळाच.

आता तुझ्याबद्दल. तुझ्या शहाणपणाचा वापर तुला मूर्ख ठरवण्यासाठी केला गेला, आणि तो तुझ्याच हातून. याहून गलिच्छ गोष्ट मी या देशात पाहिलेली नाही, आणि मी पुष्कळ पाहिलं आहे. शेतातलं झाड वाकवलं तर निदान ते झाड स्वतः दोरी बांधून घेत नाही.

माझं एक ऐक. रोज मोठ्याने वाच. गोठ्यात जाऊन गोऱ्ह्यांपुढे वाच, ते तरी तुला हसणार नाहीत. जेसला समोर बसव आणि त्याला वाचून दाखव. त्या खोलीत गप्प बसायची जी सवय लागते आहे, ती हाडात उतरू देऊ नकोस.

शुक्रवारी जिंकलास का ते मी विचारणार नाही. (जिंकलास का?)

तुझी आत्या


हॅसलर वेल्स
२३ नोव्हेंबर १९८१

ऑर्ली,

बसून वाच. शुक्रवारी आपल्या कोयने राज्याचा विक्रम मोडला. शाळेच्या पोरांत आजवर इतके यार्ड चेंडू कुणी फेकला नव्हता. चेंडू रूडीच्या हातात पडला आणि मी, या वयात, कठड्यावरून उडी मारली. गुडघा अजून सुजलेला आहे. मोठ्या कॉलेजांचे कोच आपल्या अंगणात गाड्या लावून बसतात. एकाने तर माझ्या गोऱ्ह्याची स्तुती केली.

सोबत डॅलसच्या वर्तमानपत्राचं कात्रण आहे. मथळा बघ, ‘अक्षरशत्रू पोरगा झाला राज्याचा राजा’. बातमीदाराला शाळेत कळलं की कोय आठवीत वाचनात नापास झाला होता. त्याने विचारलं, तर स्कॉगिन्स म्हणाला, “हो, अक्षर ओळखायचा नाही बिचारा. आम्ही त्याला उभा केला.” बातमीदाराच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे. आता कुठल्याशा समाजसेवेच्या मंडळाने त्याला जिद्दीचं बक्षीस जाहीर केलंय. जानेवारीत शाळेच्या जेवणघरात मेजवानी आहे. सावकाश वाचणारी पोरं पुढच्या टेबलावर बसणार आणि कोय त्यांच्यासमोर एक उतारा वाचणार. मी त्याला सांगून ठेवलंय, “जरा अडखळ. घोड्यासारखा सुटलास तर लोकांना मजा काय?” तू ये. तुझी खुर्ची राखून ठेवतो.

आणखी एक. नंतर बोंबलू नकोस म्हणून आधीच सांगतो. जेस आठवीत आहे. पाय बघशील तर करकोचा. चेंडू अंगावर आला की अजून डोळे मिटतो आणि खिशात शिंगवाले सरडे घेऊन फिरतो, पण ते सुटेल. ख्रिसमसच्या परीक्षेपासून सुरुवात करतोय. टिलमनशी बोलणं झालंय.

व्हर्नन


टुकुमकारी
१ डिसेंबर १९८१

व्हर्नन,

कात्रण वाचलं आणि हात धुतले.

पोराचं एक वर्ष चोरलंत, ते कमी होतं. आता त्या चोरीचं स्तोत्र रचलंत आणि चोरीचा माल पोरानेच गाऊन दाखवायचा! ज्या मुलांना खरोखर अक्षरं लागत नाहीत, जी रोज ओळीवर बोट ठेवून घाम गाळतात, त्यांना समोर बसवून त्यांच्या दुःखाची नक्कल करायला लावणार आहेस. तुझ्या जागी एखादा दरोडेखोर असता तर मी त्याच्याशी खरंच लग्न केलं असतं; तो निदान तोंड झाकून येतो.

आणि जेस! त्याला तर तुझ्या खेळाची हौसही नाही. त्याला सरडे आवडतात. हे वर्ष तू कुणासाठी चोरतो आहेस? सोळा वर्षांच्या त्या चिंधीसाठी, जी अजून बाकावर बसून टॉवेल सांभाळते आहे? तिला जेवढी पोरं वाढशील तेवढी ती गिळेल.

खुर्ची राखू नकोस. जेसला हात लावू नकोस.

ऑर्लीना


हॅसलर वेल्स
१७ जानेवारी १९८२

प्रिय आत्या,

मेजवानी झाली. तुला दुसऱ्या कुणी सांगायच्या आत मी सांगतो.

भाजलेलं मांस, घेवडा, मक्याचा पाव. शाळेचा बँड. मला दिलेला उतारा तिसरीच्या पुस्तकातला होता, एका कुत्र्याचा. मी उठलो. बाबा खालून हाताने खुणावत होते, सावकाश, सावकाश. मी कुत्र्याचा कागद खाली ठेवला, खिशातून डॅलसचं कात्रण काढलं आणि ते वाचलं. वरपासून खालपर्यंत, तू ओसरीवर म्हणून घ्यायचीस तसं. ‘अक्षरशत्रू’ या शब्दावर तर जोर दिला. मग म्हणालो, “हे सगळं खोटं आहे. मला पाचव्या वर्षापासून वाचता येतं. खांदे भरावेत म्हणून मला आठवीत ठेवलं. मी एकोणीस वर्षांचा आहे आणि सोळा-सतराच्या पोरांवर विक्रम केलाय.”

आत्या, मला वाटलं होतं, आता छत कोसळेल. मी दोन आठवडे जेवलो नव्हतो नीट.

मग बँकेतल्या हेन्शॉने टेबलावर थाप मारली आणि हसला. मग सगळे हसले. प्रेमाने, आत्या! कौतुकाने! हेन्शॉ ओरडला, “अरे लेका, आम्हाला काय माहीत नाही? माझ्या पोराचंही तेच केलं, पण त्याचे खांदे काही भरले नाहीत!” पुन्हा हशा. पाद्री डोळे पुसत होता. डॅलसचा बातमीदारही हसला. वही खिशात घालत म्हणाला, “हे छापून कुणाचं भलं होणार?” उभं राहून टाळ्या वाजल्या. माझ्या प्रामाणिकपणाला.

फक्त पुढचं टेबल हसलं नाही. त्यातल्या एका मुलीने हात वर केला. त्या खोलीत कुणी हात वर करत नाही, तिने केला. “म्हणजे तुला आमच्यासारखं कधीच होत नव्हतं?”

मी म्हणालो, नाही. तिने हात खाली घेतला.

बाहेर एक माणूस माझ्याकडे आला. मी त्याला ओळखत नाही. हात हातात घेतला, दंड दाबून पाहिला आणि विचारलं, “एक वर्ष पुरलं, की दोन ठेवावीत?” बाबांनी उत्तर दिलं. “एक पुरे. पण जेवण वाढवा.”

जेसने ख्रिसमसच्या परीक्षेत भोपळे मिळवलेत. सगळ्या विषयांत. मी विचारलं तर म्हणाला, “तूही तसंच केलं होतंस ना?”

कोय


टुकुमकारी
२२ जानेवारी १९८२

प्रिय कोय,

तुझं पत्र वर्गात वाचून दाखवावं असं वाटलं. मग वाटलं, या पोरांचा सत्यावरचा विश्वास इतक्यात कशाला मोडा.

आयुष्यभर मी व्यासपीठावरून सांगत आले की सत्य बोला, ढोंग कोसळतं. तुझ्या गावात ते कोसळलं नाही, त्याने ढेकर दिली. जे सत्य ऐकून हसतात त्यांना आणखी सत्य वाढण्यात अर्थ नाही. तेही खाऊन टाकतील आणि वर तुझी पाठ थोपटतील. मला शिसारी येते ती त्यांच्या खोटेपणाची नव्हे, त्यांच्या त्या प्रेमळ हसण्याची.

त्यांची लाज शोधू नकोस. मी त्या गावात वीस वर्षं शोधली. भीती शोध. ती असते. ही माणसं कशाला घाबरतात, ते तुला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

तू दिलेलं उत्तर त्या मुलीला कमी पडलं असेल, पण ते खरं होतं. त्या रात्री त्या जेवणघरात तेवढंच कुणाच्या तरी कामाचं होतं.

जेसला जप.

तुझी आत्या


हॅसलर वेल्स
११ फेब्रुवारी १९८२

ऑर्ली,

झालं समाधान?

काल कॉलेजच्या संघात खेळायच्या करारावर सही करायचा दिवस होता. राज्यभरची पोरं त्याच दिवशी सह्या करतात. शाळेच्या व्यायामशाळेत टेबल मांडलं, त्यावर चादर. कॉलेजचा कोच विमानाने आलेला. कॅमेरे. मी नवा शर्ट घातला होता, लेबल मानेला टोचत होतं. सगळं गाव बाकांवर.

तुझा लाडका पेन उचलतो. टोपण काढतो. आणि म्हणतो, “टिलमन सर, जेसचं प्रगतिपुस्तक आणा.”

टिलमन म्हणाला, “आत्ता?”

“आत्ता. मे महिन्यात तो नववीत जातोय असं त्यावर लिहा आणि खाली सही करा. मग मी करतो.”

मी म्हटलं, “कोय, चेष्टा पुरे.” तर म्हणतो, “बसा बाबा. घाई नको. आणखी एक वर्ष मुरतो मी.” आणि टोपण परत लावलं!

कुणी हसलं नाही, ऑर्ली. तो हेन्शॉ, मेजवानीत टेबल बडवणारा, चादरीइतका पांढरा पडला. “टिलमन, पळ की लेका!” म्हणून ओरडला. मुख्याध्यापकांना पळताना मी पहिल्यांदा पाहिलं. पुस्तक आलं, तर लिहायला जागा नाही, कारण कोयने टेबलावर दोन्ही कोपर पसरलेले. शेवटी स्कॉगिन्स वाकला आणि टिलमनने त्याच्या पाठीवर ठेवून गुण बदलले. राज्यविजेता कोच, गुडघ्यावर हात टेकून, बाकासारखा. पाद्री म्हणत होता, “स्वच्छ लिहा, स्वच्छ लिहा.”

मग कोयने सही केली. लोकांनी अशा टाळ्या वाजवल्या की जणू काही घडलंच नाही.

माझ्या पोराने मला गावासमोर बसवलं, आणि ते कुणासाठी? चेंडू आला की डोळे मिटणाऱ्यासाठी. हे त्याला चेंडू फेकून सुचलेलं नाही, तुझ्या ओसरीवरच सुचलंय. कोय माझ्याशी बोलतो, “जी” म्हणतो, ताट उचलतो. ते जास्त वाईट आहे.

आता पत्र लिहू नकोस.

व्हर्नन


हॅसलर वेल्स
२० फेब्रुवारी १९८२

प्रिय आत्या,

मी जेस. तू मला शेवटचं पाहिलंस तेव्हा मी लहान होतो. तू दरोडेखोराशी लग्न केलं नाहीस हे कोयने सांगितलं. मला थोडं वाईट वाटलं.

मी नववीत जाणार. प्रगतिपुस्तक माझ्यासमोर आहे. सगळ्या विषयांत नव्वद लिहिलेत. इतिहासाच्या परीक्षेला मी तापामुळे गेलोच नव्हतो, त्यातही नव्वद. गाण्यात नव्वद. मला गाता येत नाही, हे घरातल्या सरड्यांनाही माहीत आहे.

कोय म्हणाला, “सुटलास.” मी त्याला विचारलं, पण मला खरे किती पडले असते? त्याने प्रगतिपुस्तक उलटून पाहिलं. मी टिलमन सरांना विचारलं. ते म्हणाले, “पोरा, नव्वद कमी आहेत का? पंचाण्णव करू?”

आधी त्यांना मी नापास हवा होतो, मग पास हवा होतो. माझा पेपर कुणी वाचलाच नाही. पोग बाईंना विचारावं म्हटलं, पण मी दारात दिसलो की त्या खडूचा डबा आवरायला लागतात.

एक गोष्ट कोयलाही सांगितलेली नाही. काल वर्गात ‘खरं की खोटं’ची छोटी चाचणी होती. आता चुकवायचं काही कारण नव्हतं. मला उत्तर येत होतं. तरी हात आधी चुकीच्या बाजूला गेला. मी तो उचलून परत आणला. पुढच्या प्रश्नाला पुन्हा गेला.

तू गणित शिकवायचीस. मला एक पेपर काढून पाठवशील? अवघड चालेल. मी गोठ्यात बसून सोडवीन. कोय समोर बसणार आहे, पण त्याने काही सांगायचं नाही असं ठरलंय. मग तू तपास. जितके पडतील तितकेच दे.

कमी पडले तरी.

जेस